दारावरची फुली

आमचं घर दोन खोल्यांचं होतं, पण आवाज सहा खोल्यांचा होता. सकाळी सगळ्यात आधी नळ खाकरायचा, मग आबांचा रेडिओ बोलायला लागायचा, मग आईचं शिलाई मशीन. इंदूरच्या राजवाड्यामागल्या एका दुकानातून आईकडे फॉल-पिकोच्या साड्या यायच्या, आणि ते मशीन इतकं म्हातारं होतं की आईनं पायडल मारलं की अख्ख्या घराची बत्तिशी वाजायची. फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, कढईत मोहरी तडतडायची, गल्लीतून भाजीवाला ओरडत जायचा, आणि या सगळ्याच्या वरताण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, रेडिओ लावायचे. समोरच्या मावशी म्हणायच्या, "आबाजी, बातम्या आम्हाला तुमच्या घरूनच मिळतात, आमचा सेल वाचतो." आबांना ती स्तुती वाटायची. एकच आवाज घरातून कमी झाला होता, गिरणीच्या भोंग्याचा. पप्पा भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर डबा उघडायचे, भोंग्यावर घरी यायचे. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, आणि आता उठायचं कधी हे त्यांना कुणी सांगेनासं झालं. आतल्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, अंघोळीला चला म्हटलं की जायचे, पण आपणहून मान वळवायचे नाहीत. बाहेर आम्ही सांगायचो, त्यांची कंबर धरली आहे. कंबर हा फार सोयीचा अवयव. कुणी विचारत नाही, कुणी बघायला येत नाही, आणि ज्याला त्याला स्वतःचीच आठवते.

आणि मैना. माझी धाकटी बहीण. जन्मली तेव्हा तिनं असा टाहो फोडला होता म्हणे, की आबांनी तिथंच नाव ठेवलं. चार वर्षांची झाली तरी मैनेच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. उशिरा बोलणारी पोरं हुशार निघतात, असं आम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की तिच्या हुशारीबद्दल कुणाला शंकाच उरली नव्हती. रेडिओ कितीही वाजो, ती शांत झोपायची. आईचं मशीन सुरू झालं की मात्र जमिनीवर तळवे टेकवून हसायची. हे पाहूनही ज्या घरातल्या चार मोठ्यांच्या डोक्यात साधी गोष्ट शिरत नाही, त्या घराला तुम्ही काय म्हणाल? चौथी मोठी मी. मी तेव्हा सातवीत होते, पण सोमवारी आणि गुरुवारी आई साड्या पोचवायला जायची म्हणून मी घरी राहायचे, आणि घरी राहणाऱ्या मुलीला आपण फार मोठ्या झालोत असं वाटतं.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ती गोष्ट शिरली होती. नुसती शिरली नव्हती, मी तिच्यावर एक कला उभी केली होती. मैना माझ्या मांडीला टेकून बसायची आणि माझा हात तिच्या पाठीवर असायचा. एक बोट टेकवलं की मागे बघायचं. दोन बोटं म्हणजे हसायचं. हलका चिमटा म्हणजे मान हलवायची. कुणी पाहुणा आला आणि "मैना, बिस्किट खाणार का?" म्हणाला की मी चिमटा काढायचे, मैना मान डोलवायची, आणि पाहुणा म्हणायचा, "सगळं समजतंय हो हिला." आयुष्यात मी पुढे शाळेच्या गॅदरिंगपासून सोसायटीच्या कार्यक्रमांपर्यंत बरंच काही बसवलं, पण इतकं बिनचूक काही बसलं नाही. मैना आता इंदूरजवळच्या सिमरोलला असते, तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेच्या आवारात नकाशे काढायच्या खात्यात नोकरीला. आमचं सगळं भांडण मोबाइलवर लिहून चालतं. मागे एकदा मी मोठ्या कौतुकानं ही बोटांची गंमत तिला लिहून पाठवली. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: "ताई, तुझ्या बोटांनी माझी दोन वर्षं खाल्ली." खाली हसरा चेहरा टाकला होता, पण तो तिनं थोड्या वेळानं टाकला होता, हे मला दिसत होतं.

ही कला मात्र माझी नव्हे. ती घराण्यातली. आबा फौजेत होते, महूच्या छावणीत. उजवा कान आपण फायरिंग रेंजवर ठेवून आलो, असं ते अभिमानानं सांगायचे. दर वर्षी मेडिकल व्हायची, डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा, आणि जवानानं ते पुन्हा म्हणायचे. आबांचा एक दोस्त दाराशी रांगेत उभा राहून बोटांनी आकडा दाखवायचा. "बीस!" आबा छाती काढून सांगायचे. असं करत पेन्शनीपर्यंत निभावलं. त्यांच्याच तुकडीतल्या एकानं मात्र खरं सांगून टाकलं, की साहेब, डाव्या कानानं कमी येतं. त्याच्या कागदावर 'अनफिट' पडलं आणि तो गावी गेला. आबांनी त्यातून आयुष्यभराचा धडा घेतला, आणि तो मला ऐकवायचे: "वंदे, दुखणं अंगात असेपर्यंत आपलं असतं. कागदावर गेलं की सरकारचं." त्यामुळे वही घेऊन दारात येणाऱ्या कुणाहीबद्दल आबांचं मत ठरलेलं होतं. मीटरवाला असो, मतदार यादीवाला असो की मच्छरांचं औषध मारणारा. आबा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, चांगला डावा कान आत घराकडे आणि डोळे गल्लीवर.

त्यांची आणखी एक परीक्षा होती, पाण्याची. आमची गल्ली कुणाची आहे हे इंदुरात कुणाला सांगावं लागत नसे. घराघरांच्या दारांवर निळा रंग होता आणि कोपऱ्यावर विहार. त्यामुळे बाहेरचा माणूस आला की आबा मला म्हणायचे, "पाणी विचार. चहा नाही. पाणी." मी तांब्या-पेला घेऊन जायचे आणि आबा त्या माणसाच्या घशाकडे बघत राहायचे. प्यायला तर बसू द्यायचं. "अभी पी के आया हूं" म्हणाला, की आबा खुर्ची अर्धा हात पुढे सरकवायचे आणि उंबरा बंद. मी लहानपणी किती माणसं अशी नापास होताना पाहिली! आणि खरं सांगते, त्यातली बरीचशी नापास व्हायच्याच लायकीची होती. आबांची परीक्षा अगदीच वेडी नव्हती.

आंगनवाडीची नवी दीदी पहिल्यांदा आली ती एका सोमवारी. ठेंगणी, घामानं चिंब, खांद्याला कापडी पिशवी आणि छातीशी एक लांबलचक रजिस्टर. पायात पुरुषी चपला. मी पाणी नेलं. तिनं पेल्याकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "नहीं बेटा, अभी पी के आई हूं." आबांची खुर्ची सरकली. बिचारीला कळलंही नाही की आपण दारातच नापास झालो. तिनं खुर्ची आणि चौकट यांच्यामधून अंग चोरून आत पाऊल टाकलं आणि जमिनीवर फतकल मारून बसली, म्हणजे आम्ही पाट द्यायचा की नाही हे ठरवायच्या आतच.

मग तिनं जे विचारायला सुरुवात केली ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरात किती जण, हे सगळेच विचारतात. हिनं विचारलं, घरात सगळ्यात आधी कोण उठतं? आतले भय्या, म्हणजे पप्पा, कधीपासून बसले आहेत असे? रात्री झोपतात? जेवायला मागतात की द्यावं लागतं? मी म्हटलं, "उनकी कमर..." ती म्हणाली, "हां, कमर. और तू? आज सोमवार है ना बेटा, स्कूल कायको नहीं गई?" मी मैनेला जवळ ओढलं. आबांनी बाहेरूनच खेकसून विचारलं, "काय लिहून राहिल्या?" आणि वाकून रजिस्टरात पाहिलं. वर हिंदीत ठळक लिहिलं होतं: चिन्हित परिवार. आबांनी ते दोन शब्द असे मोठ्यानं वाचले, जसे काही आमच्या नावाचं वॉरंट निघालं आहे.

शेवटी तिनं मैनेकडे मोहरा वळवला. "क्या नाम है? मैना? ए मैना!" माझं बोट पाठीवर टेकलं, मैनेनं वळून पाहिलं. दोन बोटं, मैना हसली. सगळं बिनचूक. दीदी मात्र मैनेकडे बघतच नव्हती. ती माझ्या दंडाकडे बघत होती. मला वाटलं, माझ्या फ्रॉकची शिवण उसवली असेल. ती उठली, पिशवीतून गेरूची डबी काढली, काडीला कापूस गुंडाळलेला होता तो त्यात बुडवला आणि जाता जाता आमच्या दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर दोन फटकारे मारून गेली. एक असा, एक तसा. फुली.

आई संध्याकाळी आली तोवर आबांनी गल्लीचा पूर्ण तपास केला होता. बाकी सगळ्या घरांवर बरोबरची खूण होती. टिक. फुल्या दोनच: एक आमच्या घराला आणि एक अगदी टोकाच्या एका दारुड्याच्या घराला. "म्हणजे तो अन् आपण एका लाइनीत!" आबा म्हणाले. शाळेत फुली कशावर मारतात? चुकलेल्या उत्तरावर. यादीत फुली कुणावर मारतात? जो कटला त्याच्यावर. आमच्या मराठीत फुली मारणे म्हणजे विषय संपला. तिथं दुसरा अर्थच नाही. आबा म्हणाले, "पाणी नाही प्याली तेव्हाच मी समजलो. अनफिट करून गेली." समोरच्या मावशींनी मदत म्हणून विचारलं, "काय हो, तुमच्याकडे कुणाला टीबी वगैरे...?" आईनं ओलं फडकं घेतलं आणि फुली पुसायला गेली. गेरूच तो. पुसला तसा पसरला, आणि भिंत अशी दिसायला लागली की आता खरंच टीबी वाटावा.

आबांनी मग भीमजयंतीचा उरलेला निळा रंग काढला. डब्याच्या तळाशी बोटभर होता, सगळा डाग झाकायला पुरला नसता. आबा भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले, नकाशासमोर सुभेदार उभा राहतो तसे. मग त्यांनी आधी फुलीच्याच दोन रेघांवरून निळी रेघ ओढली. तिच्यामधून एक उभी आणि एक आडवी काढली. आठ आरे झाले. आईच्या भाकरीच्या ताटाची कड धरून भोवती गोल काढला, आणि झालं धम्मचक्र. थोडं डावीकडे कललेलं, पण चक्र. गल्लीतले लोक येऊन पाहून गेले. "वा आबाजी, अब कोई माई का लाल काट के दिखाए!" असं कुणीतरी म्हणालं, आणि आबांनी त्या दिवशी सियागंज बाजारातून आणलेल्या पोह्यांवर सगळ्यांना मूठ मूठ शेव जास्त घातली. मला विचाराल तर मलाही विजय झाल्यासारखा वाटला. आज आमच्या कॉलनीत प्रत्येक घरावर काळ्या ठिपक्यांची चौकोनी पाटी लावली आहे. एक मुलगी येते, मोबाइल तिच्यासमोर धरते आणि निघून जाते. त्या ठिपक्यांत माझ्याबद्दल काय काय लिहिलं आहे कोण जाणे. एक दिवस मीही मार्कर घेऊन त्या पाटीपुढे उभी होते. आबांची नात आहे. पण आबांसारखा हात नाही, आणि ठिपक्यांचं चक्र होत नाही.

बटल्यांचे दिवस होते. बाहेरचे लोक मटार म्हणतात, आम्ही इंदूरवाले बटला. फुलीनंतरच्या एका सोमवारी साड्या कमी होत्या म्हणून आई घरीच होती, मशीनवर; मी सवयीनं शाळा बुडवलेली. मी आणि मैना बटले सोलत होतो; म्हणजे मी सोलत होते आणि मैना एकेक दाणा जमिनीवरून घरंगळवत होती. आबा उंबऱ्यात पाठमोरे, गल्लीवर पहारा. मला उघड्या दारातून दीदी दिसली. रजिस्टर छातीशी धरून ती भिंती बघत बघत आली, आमचं घर ओलांडून पुढे गेली. मी श्वास सोडला. थोड्या वेळानं ती उलट्या दिशेनं आली, पुन्हा पुढे गेली. दारुड्याच्या घराशी थांबली, तिथं बोलली, आणि तिसऱ्यांदा आली ती थेट आमच्या चक्रापुढे उभी राहिली. तिनं नाक भिंतीला लावलं. निळ्या रेघांखालून गेरू अजून डोकावत होता.

"आबाजी! ये चक्का किसने बनाया?"

"मी. म्हंजे, हमने. काय तकलीफ आहे?"

"तकलीफ ये है भिया कि मैं दो बार आगे निकल गई. कब से अपना क्रॉस ढूंढ रई हूं!"

"क्रॉस!" आबा खुर्चीतून उठलेच. "सगळ्या गल्लीला टिक, अन् हमको फुली? हमको काट दिया? फौज में इतने साल निकाले, किसी माई के लाल ने नहीं काटा!"

दीदी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. "हे भगवान. काटा किसने, आबाजी? टिक का मतलब, हो गया, इस घर का काम खतम, अब नहीं आना. क्रॉस का मतलब, इस घर में फिर आना है. फिर-फिर आना है. जिसको छोडना होता है उसको टिक करती हूं मैं."

मशीन थांबलं. आई माझ्याकडे बघायला लागली, मी बटल्यांकडे. म्हणजे गल्लीतल्या सगळ्या घरांना सोडून दिलं होतं आणि आम्हाला धरलं होतं. आबा यानं निवळतील असं कुणाला वाटत असेल तर त्याला आबा माहीत नाहीत. फुली मारून न येणारी माणसं त्यांना समजत होती. फुली मारून परत येणारी त्यांनी पाहिली नव्हती. "फिर आना है, वो समझा. पण क्यों? आमच्यात काय ठेवलंय तुमचं?"

 दीदी आत आली, आईजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक बात बोलूं? बुरा मत मानना. तुम्हारे यहां लैट्रिन है क्या? सुबह आठ बजे की निकली हूं." आई एक क्षण गोंधळली, मग टमरेल घेऊन तिला मागल्या बाजूला घेऊन गेली. परत आली तेव्हा दीदीचा चेहराच बदलला होता. ती धपकन बसली आणि मला म्हणाली, "ला बेटा, अब पिला पानी." एक पेला प्याली. दुसरा प्याली. घटाघटा, हनुवटीवरून ओघळ गेला तरी. आबा पाठमोरे बसायला निघाले होते ते वळून तिच्या घशाकडे बघत राहिले.

"उस दिन नहीं पिया," आबा म्हणाले.

"उस दिन पी लेती तो जाती कहां, आबाजी? पूरा मोहल्ला फिरती हूं. पानी सब पूछते हैं. दूसरी बात कोई नहीं पूछता."

आबांनी खुर्ची गल्लीकडे फिरवली आणि बसले.  वीस-पंचवीस वर्षं घेतलेल्या परीक्षेचा पेपर चुकीचा होता, असं कुणी सांगितलं तर कुठला मास्तर बोलेल? आणि मनातून ते विरघळले नव्हतेच. पाठ आणखी ताठ झाली होती.

दीदीनं रजिस्टर उघडलं. म्हणाली, गुरुवारी सरकारी दवाखान्यात लहान मुलांचे कान तपासणारे डॉक्टर येणार आहेत. गाडी आंगनवाडीपाशी येईल. ज्यांची नावं आज जातील तीच मुलं जातील. पुढला कॅम्प कधी, तिलाही माहीत नाही. "छोटी का नाम लिखूं कि नहीं, बस इतना देखना है."

"ऐकते ती," आबा गल्लीकडे तोंड करूनच म्हणाले. "लिखो, सुनती है. अच्छा सुनती है."

"ठीक है ना. सुनती होगी तो टिक कर दूंगी. फिर तंग नहीं करूंगी." तिनं आईला मशीन बंदच ठेवायला सांगितलं. मग आमच्या फळीवरची एक वाटी आणि चमचा घेतला आणि मैनेच्या पाठीमागे, खोलीच्या मधोमध, जाऊन उभी राहिली. मैना माझ्या मांडीला टेकून बटल्याचा दाणा तळव्यावर फिरवत होती. माझा हात तिच्या पाठीवर होता. तो मी ठेवला नव्हता. तो तिथं असायचाच.

आता इथं मी शूर मुलीसारखं काहीतरी केलं असं लिहायचा मोह होतो. खरं असं की मला फक्त हिशेब कळला. एक बोट टेकवलं असतं तर मैना वळली असती, दीदीनं टिक केली असती, आबा जिंकले असते, आणि आमच्या घरी पुन्हा कुणीही आलं नसतं. कधीच नाही. पप्पा भिंतीकडे, आई मशीनवर, मी सोमवार-गुरुवार घरी, आणि माझं बोट मैनेच्या पाठीवर. ती वीस वर्षांची झाली तरी. मला त्या टिकची इतकी भीती वाटली की माझा हात आपोआप वर आला. दीदी बघत होती. मी दोन्ही हात बटल्यांच्या परातीत खुपसले आणि शेंगा घट्ट धरून बसले.

चमचा वाटीवर वाजला. टण्.

मैना दाणा फिरवत राहिली. दीदीनं पुन्हा वाजवला, जरा जोरात. मैनेनं दाणा तोंडात टाकला. तिची ती एवढीशी पाठ, वेणीची रिबीन, मानेवरचा घाम, कशालाच काही कळलं नव्हतं. आईनं पदर तोंडात धरला. आणि मागे काहीतरी सरकलं म्हणून मी पाहिलं, तर आतल्या खोलीत पप्पांनी मान वळवली होती. ते मैनेच्या पाठीकडे बघत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा समोरून दिसला! दाढी पांढरी झाली होती. आम्हाला ती बाजूनं काळीच वाटायची. दीदीनं त्यांच्याकडे पाहिलं, नंतर मैनेकडे, आणि मग दाराकडे. तिथंच तिची नजर अडकली. तिनं तिसऱ्यांदा वाटी वाजवली, आता उंबऱ्याच्या दिशेनं हात लांब करून.

आबा हलले नाहीत. गल्लीकडे बघत, मांडीवर बोटांनी ताल धरत, वैतागून म्हणाले, "अरे भई, बजाना है तो बजाओ ना! कितनी देर लगा रई हो?"

 रेडिओ इतका मोठा का लागतो, चांगला कान घराकडे करून बसलेले आबा आईला अलीकडे तीनदा हाक का मारायला लावतात, सगळं एकदम माझ्यापुढे येऊन उभं राहिलं; त्यांचा डावा कानही उजव्याच्या मागोमाग निघाला होता, आणि ते त्यांनी आमच्यापासूनही मेडिकलसारखंच निभावून नेलं होतं. दीदीनं वाटी फळीवर जिथली तिथं ठेवली, रजिस्टरात मैनेचं नाव लिहिलं, आणि मला म्हणाली, "गुरुवार को तू भी आना साथ में. और उसके बाद रोज स्कूल. सोमवार-गुरुवार इसको मैं रखूंगी आंगनवाडी में." मग गेरूची डबी काढून बाहेर गेली. आबा तिच्यामागे, आबांमागे मी.

"आता कुठं मारता फुली?" आबा चक्रापुढे हात पसरून म्हणाले. "जागा कहां है?"

दीदीनं डबी परत पिशवीत टाकली आणि भिंतीवर बोट ठेवलं. "जगह है ना. ये देखो, एक तिरछा क्रॉस, मेरा वाला. ये छोटी का. और ये आपने बनाया, सीधा वाला. ये अंदर बैठे हैं उन भिया का. कमर वाले. दोनों के लिए आऊंगी."

"और ये गोल?" मी विचारलं.

"गोल आबाजी का," ती चपला घालता घालता, आबांच्या पाठीमागून म्हणाली. "कटोरी तो इन्होंने भी नहीं सुनी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले, संशयानं, जसे वही घेऊन आलेल्या माणसाकडे बघताना करायचे. "काय म्हणाली ती?"

मी आयुष्यभर आबांशी बोलताना त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायचे. त्या दिवशी मी समोर उभी राहिले आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, शब्द न गाळता, इतक्या मोठ्यानं की समोरच्या मावशी दारात आल्या आणि टोकाच्या घराशी उभा असलेला तो दारुडाही वळून बघायला लागला.

आबा दचकून मागे सरले. "ओरडतेस काय?" ते म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"